मालक : एक हजार सात

१

सकाळी पाचला उठावे, स्नान करावे, सात ते साडेसात देवासमोर बसावे आणि पावणेआठला कामावर हजर व्हावे, हा माझा नेम. वीस वर्षांत तो दोनदा मोडला. एकदा वडील गेले तेव्हा, एकदा दादा गेला तेव्हा. तिसऱ्यांदा मोडला, त्याची ही हकीकत.

मी शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात काम करतो. नदीचे पाणी एका अंगाने आत येते आणि चाळीस हजार घरांना पिण्याजोगे होऊन दुसऱ्या अंगाने बाहेर पडते. किती गढूळ पाण्याला किती तुरटी आणि किती क्लोरीन, हे एक प्रोग्राम ठरवतो. त्याचे नाव ‘मात्रा’. तो एका लिनक्स सर्व्हरवर चालतो आणि त्या सर्व्हरची देखभाल माझ्याकडे आहे.

सर्व्हरवर प्रोग्राम दोन वाटांनी येतो. पहिली वाट पॅकेजची. प्रोग्राम कोणी केला, आवृत्ती कितवी, तो कशाकशाच्या आधाराने उभा आहे, त्याबद्दल जाब कोणाला विचारायचा, हे सारे त्याच्यासोबत येते आणि सर्व्हरच्या नोंदवहीत उतरते. नवे आले की जुने आपोआप निघून जाते. कोणत्याही फाइलवर बोट ठेवून ‘ही कोणाची’ असे विचारावे. नोंदवही उत्तर देते. दुसरी वाट हातची. माणूस प्रोग्रामचा मूळ मजकूर घेतो, तो स्वतः कंपाइल करतो, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात बांधतो, आणि बाजूच्या एका कप्प्यात ठेवून देतो. त्याची नोंद कुठेही होत नाही. तो माणूस असेपर्यंत त्याला सारे ठाऊक असते.

मी पहिल्या वाटेचा. माझा थोरला भाऊ दुसऱ्या वाटेचा. माझ्याआधी हा सर्व्हर दादाकडेच होता. दोन वर्षांपूर्वी तो गेला आणि त्याची जागा मला मिळाली. त्याच आठवड्यात मी त्याचे सर्व्हरवरचे खाते पुसले. गेलेल्या माणसाचे खाते उघडे ठेवू नये असा नियम आहे, आणि नियमाने नाते पाहू नये असे मी मानत आलो.

त्या सोमवारी प्रयोगशाळेतल्या बाई माझ्या दारात उभ्या राहिल्या. दर तासाला पाणी तपासण्याचे काम त्यांचे. भीडभाड त्यांना ठाऊक नाही; माझ्या देवपूजेवरून त्या मला महाराज म्हणतात.

“महाराज, वार्षिक तपासणीच्या फॉर्मवर ‘मात्रा’ची आवृत्ती लिहायचीय. तुम्ही चार दशांश दोन सांगितलीत ना?”

“तीच आहे. नोंदवहीत पाहून सांगितली.”

“माझ्या पडद्यावर तीन दशांश एक दिसतेय.”

“तुमचा पडदा चुकतो आहे.”

“पडदा बिचारा जे येतं ते दाखवतो. तुमच्यासारखा उपदेश करत नाही.”

त्या गेल्यावर मी प्रोग्रामलाच त्याची आवृत्ती विचारली. तीन दशांश एक. दोन वर्षे मी रोज नोंदवहीला विचारत आलो होतो. प्रोग्रामला मी एकदाही विचारले नव्हते.

शोध अवघड नव्हता. हातच्या कप्प्यात दुसरी एक ‘मात्रा’ होती. यंत्र काही चालवायचे झाले की आधी त्या कप्प्यात पाहते, म्हणून इतके दिवस तीच चालत आली होती आणि माझी चार दशांश दोन नोंदवहीत नुसती विराजमान होती. फाइलच्या मालकाच्या रकान्यात नाव नव्हते, क्रमांक होता : एक हजार सात. खाते पुसले की माणसाचे नाव जाते, त्याच्या फाइलींवर क्रमांक तेवढा उरतो. दादाचा क्रमांक एक हजार सात. इथपर्यंत सारे समजण्याजोगे होते.

मग मी तारीख पाहिली. ती फाइल त्याच सोमवारी बांधलेली होती. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी.

२

माणसाने घाबरण्याआधी तपासून घ्यावे. मी सर्व्हरचे घड्याळ दोन घड्याळांशी ताडून पाहिले. ते बरोबर होते. ठरलेल्या वेळी आपोआप होणाऱ्या कामांची यादी वाचली; तिच्यात असले काम नव्हते. खोलीची किल्ली एकच, ती माझ्या खिशात. दारावरच्या वहीत सकाळी सातच्या सुमारास कोणाचीही सही नव्हती. बाहेरच्या जाळ्याशी या सर्व्हरचा संबंध मी स्वतः तोडलेला आहे. अपडेट मी आणतो तेव्हाच येतात.

मी ती फाइल काढून टाकली आणि घरी गेलो.

मंगळवारी ती पुन्हा तिथे होती. मालक एक हजार सात. मंगळवार, सात वाजून दहा मिनिटे.

सर्व्हरचा रोज बॅकअप घेतला जातो, आणि त्या दिवशी काय काय बदलले याची यादी त्याच्यासोबत राहते. अशा सातशेहून अधिक याद्या मी कधीही उघडल्या नव्हत्या. त्या मी उघडल्या. प्रत्येक यादीत तीच एक फाइल होती. प्रत्येक दिवशी नवी आणि प्रत्येक दिवशी सात-दहाची. सुरुवात मी दादाची जागा घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याहून जुन्या याद्यांत, तो होता तोवर, ती वर्षातून दोन-तीनदा बांधली जाई. मी आल्यापासून रोज.

रोज का, हे कळायला मला दुपार झाली. प्रत्येक प्रोग्राम काही सामायिक तुकड्यांवर टेकून उभा असतो. मी दर सायंकाळी अपडेट करतो तेव्हा ते तुकडे बदलतात. पॅकेजच्या वाटेने आलेल्यांना नोंदवही सांभाळून घेते. हातच्याला कोणी नसते. पायाखालची फरशी सरकली की ते पडते. म्हणजे दादाची ‘मात्रा’ मी दर सायंकाळी, नकळत, पाडत होतो. ‘मात्रा’ रोज सकाळी साडेसातला बंद होऊन नव्याने सुरू होते. त्याच्या वीस मिनिटे आधी कोणीतरी ती नव्या फरशीवर पुन्हा उभी करत होते.

सातशेहून अधिक वेळा. एकही दिवस न चुकता. माझा नेमही इतका निर्दोष नव्हता.

३

वहिनी आमच्याच घरी, वरच्या मजल्यावर राहतात. त्या सायंकाळी जेवताना मी गप्प होतो.

“आज देवाशी भांडण झालंय वाटतं,” माझी पत्नी म्हणाली.

“कामाचा विचार चालला आहे.”

“काम म्हणजे त्यांचंच ना?” वहिनींनी विचारले. “तुमच्या दादांना जेवायला हाक मारली की म्हणायचे, ‘आलो, एवढं बांधून होऊ दे.’ ताट निवून जायचं. मी म्हणायची, त्या यंत्राशीच लग्न करायचं होतंत.”

“मग काय म्हणायचे?” माझ्या पत्नीने विचारले.

“म्हणायचे, तिथे इतकं बोलणं खावं लागत नाही.”

दोघी हसल्या. मला हसू आले नाही.

“वहिनी, दादा कशाची टिपणं ठेवत असे का? वही, कागद, काही?”

“भाऊजी, ज्या माणसाने दुकानातून आणायच्या सामानाची यादी कधी लिहिली नाही, तो कसली टिपणं ठेवतो? सगळं डोक्यात.” त्यांनी माझ्या ताटात भाजी वाढली. “तुम्ही त्यांचं खातं बंद केलंत तेव्हा मला विचारलं नव्हतंत. मी काही म्हटलं नाही. पण मला वाटलं होतं, एकदा विचारतील.”

मी ताट उचलून उठलो.

दादाचे आणि माझे शेवटचे भांडण त्या दोन वाटांवरूनच झाले होते. दादा म्हणाला होता, “तुझं पॅकेज म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास.” मी म्हणालो होतो, “आणि तुझं हातचं म्हणजे बेवारस पोर. उद्या तुझ्या माघारी त्याला विचारणारा कोण?” तो हसला होता. “तू आहेस की.”

मी तेव्हा म्हणालो, “मी असल्या गोष्टींचा वारस होणार नाही.” शब्द हेच होते. मला ते स्पष्ट आठवतात, कारण त्यानंतर आम्ही बोललो नाही.

४

बुधवारी मी नेम मोडला. देवाला हात जोडून क्षमा मागितली आणि पावणेसातलाच सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसलो.

खोली लहान आहे. काचेचे दार असलेले उंच काळे कपाट, त्यात सर्व्हर. समोर टेबल, एक पडदा, एक कीबोर्ड, एक स्टूल. खिडकी नाही. वातानुकूलनाचा एकसुरी आवाज सतत चालू असतो आणि थोड्या वेळाने तो ऐकू येईनासा होतो. बाहेर स्वच्छ ऊन पडले होते. भीती वाटावी असे तिथे काहीही नव्हते, हे मी स्वतःला सांगितल्याचे स्मरते.

सात वाजून नऊ मिनिटे. मी सर्व्हरला विचारले : या क्षणी आत कोण कोण आहे? उत्तर आले : एक. मी.

सात-दहाला पंखे चढले.

सर्व्हर श्रमाचे काम करू लागला की आतले पंखे वेग घेतात. कंपाइल करताना हा आवाज येतो. मी चालू कामांची यादी मागवली. तळाशी एक नवे काम होते. मालक एक हजार सात. ‘मात्रा’ बांधली जात होती. कशापासून, ते कळेना. दादाचा मूळ मजकूर त्या यंत्रावर कुठेही नव्हता. मी सारे कप्पे आदल्या दिवशीच धुंडाळले होते.

मी ते काम थांबवले. पंखे उतरले. एका श्वासाच्या अंतराने पुन्हा चढले. नवे काम, तोच मालक. मी पुन्हा थांबवले. ते पुन्हा सुरू झाले. असे अकरा वेळा झाले. शेवटी शेवटी मी कळा आपटत होतो, त्यात भीती किती आणि राग किती हे सांगता येणार नाही.

अकराव्यानंतर बराच वेळ काही झाले नाही. हट्टी धाकटा दमेपर्यंत थोरल्याने थांबावे तसे कोणी थांबले आहे, असे वाटले. तर्काने मी ते खोडून काढले. यंत्राला थांबणे ठाऊक नसते.

मग कीबोर्डवर फुंकर पडली.

वाऱ्याची झुळूक नव्हती. वातानुकूलनाचे तोंड दुसऱ्या भिंतीला आहे. माझा स्वतःचा श्वास मी धरून ठेवला होता. कळांच्या फटींतली धूळ एका रेषेत, डावीकडून उजवीकडे, अलगद उठली आणि माझ्या मनगटांवर बसली. काम सुरू करण्याआधी कीबोर्ड असा फुंकून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला होता.

पंखे चढले. मी थांबवले नाही. मला थांबवता आले नाही.

मात्र आठ वाजता मी सावध झालो आणि जे करायला हवे असे मला वाटत होते ते केले. ती फाइल पुसली. मग हातचा कप्पाच असा मोहोरबंद केला की त्यात कोणालाही, मलासुद्धा, एक अक्षर लिहिता येऊ नये. नाव असो वा नुसता क्रमांक.

५

गुरुवारी कप्पा रिकामा होता.

साडेसातला ‘मात्रा’ नव्याने सुरू झाली तेव्हा प्रथमच माझी चार दशांश दोन चालू झाली. मी नोंदवहीला विचारले, प्रोग्रामला विचारले. दोघांचे उत्तर एक. मला जिंकल्यासारखे वाटले. त्या सकाळी मी देवाचे आभारही मानले. आज ते लिहिताना लाज वाटते.

साडेअकराला वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. पाऊण तासात नदी तांबडी झाली. असे वर्षातून एखाद्या वेळी होते. ‘मात्रा’ तुरटी वाढवते, पाणी निवळते, कोणाला पत्ताही लागत नाही.

बाई धावत आल्या. त्यांच्या हातात काचेचा पेला होता. आतले पाणी चिखलाच्या रंगाचे होते.

“हे कुठलं?” मी विचारले.

“नदीचं. आता पडदा बघा. गढूळपणा चाळीस. चाळीस! हे चाळीस आहे? यात भांडी घासली तर भांडी घाण होतील.”

“मीटर गेल्या महिन्यात तपासलेले आहे.”

“मीटरला पेल्यात बुडवू का?” त्या ओरडल्या. “महाराज, तुमची नोंदवही सोन्याची असेल. पाणी वाईट आहे. ‘मात्रा’ स्वच्छ पाण्याची तुरटी सोडतेय. फिल्टरमधून गढूळ उतरायला लागलंय, आणि क्लोरीन तर त्या गाळातच संपतोय. हे घराघरांत गेलं तर उद्या दवाखान्यात उभं राहायला जागा नसेल.”

मी शहराकडे जाणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला लावला. एक वाजला होता.

अधीक्षकांचा फोन आला. आवाज शांत होता, म्हणून अधिक कठोर वाटला. “उंच टाकीत चार तासांचं पाणी आहे. रुग्णालयाच्या टाक्यांतही पाचपर्यंतच. पाचला व्हॉल्व्ह उघडावाच लागेल. त्यातून काय बाहेर पडतं, ते तुमच्यावर.”

बाईंनी बरण्यांत पाणी घेऊन हाताने तुरटीचे प्रमाण काढायला घेतले. पण त्या परीक्षेला अर्धा तास लागतो, आणि नदी दर दहा मिनिटांनी रंग बदलत होती. त्यांचे उत्तर निघेपर्यंत प्रश्न बदललेला असे.

“गेल्या वर्षी याहून वाईट पाणी आलं होतं,” त्या बरण्या ढवळत म्हणाल्या. “तेव्हा काही झालं नाही. तेव्हा काय चालू होतं?”

मला ठाऊक होते तेव्हा काय चालू होते.

६

बॅकअपमधून मी कालची फाइल काढली. ती चालेना. मंगळवारची, सोमवारची, मागच्या महिन्याची. एकही उभी राहीना. ज्या फरशीवर त्या बांधल्या होत्या ती माझ्याच अपडेटने निघून गेली होती. त्या रोज बांधाव्या लागत होत्या आणि बांधणाऱ्याला मी आदल्या दिवशी दाराबाहेर काढले होते.

दोन वाजता मी कप्प्याची मोहोर काढली आणि वाट पाहिली.

काहीही झाले नाही. सात-दहा ही त्याची वेळ होती. उद्या सकाळी सात-दहाला कदाचित तो आला असता. पाच वाजता रुग्णालयाच्या टाक्या संपणार होत्या.

तेव्हा दोन वर्षांपूर्वी जे पुसले होते ते मी परत आणले. दादाचे खाते पुन्हा उघडले. क्रमांक एक हजार सात. क्रमांकापुढे त्याचे नाव लिहिले, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग मी स्टुलावरून उठलो, उभे राहून हात जोडले आणि मोठ्याने म्हणालो, “दादा, मी चुकलो. मला वारस कर.”

खोलीत उत्तर आले नाही. पंखे चढले नाहीत. मी पुन्हा बसलो, एक कोरी फाइल उघडली आणि कळांवर हात ठेवले.

मी लिहू लागलो.

बुद्धीचे म्हणणे असे की, पूर्वी कधीतरी दादाच्या खांद्यावरून मी हा मजकूर वाचला असेन आणि संकटात स्मरणशक्ती जागी झाली. बुद्धीला तिचे म्हणणे मांडू द्यावे. मी लिहीत होतो आणि लिहिलेले वाचून मला कळत होते. मीटर एक हजारापर्यंतच मोजते. त्यापुढे ते मुकाट्याने पुन्हा शून्यापासून मोजू लागते. म्हणून एक हजार चाळीसचे चाळीस दिसले होते. पॅकेज करणाऱ्या दूरच्या माणसांना आमचे मीटर कधी दिसले नव्हते. दादाला दिसले होते. निवळणीच्या टाकीच्या तळाचा गाळ ओढणारी जी मोटार आहे, तिच्यावर किती ओझे पडते यावरून तो ओळखत असे की मीटर किती फेरे मारून आले. केंद्राच्या एका टोकाच्या मोटारीला त्याने दुसऱ्या टोकाच्या मीटरची साक्षीदार केले होते. हे त्याने कोणाला सांगितले नाही. आणि मी कधी विचारले नाही.

घामाने चष्मा धुरकटला. मी दोन्ही हात उचलले, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने काचा पुसू लागलो.

कळांचा आवाज चालू होता.

चष्म्याविना मला समोरचे धूसर दिसते. कपाटाच्या काळ्या काचेत स्टुलावर बसलेली आकृती दिसत होती, ती माझीच. चष्मा पुसणारे दोन हात छातीशी. आणि त्यांच्या खाली, कळांवर, दोन हात.

मी चष्मा घातला नाही. खाली पाहिले नाही. काच पुसत राहिलो, पुसून झाली तरी पुसत राहिलो. आवाज थांबला तेव्हा चष्मा चढवला. कीबोर्डवर कोणी नव्हते. पडद्यावर अठ्ठावीस ओळी जास्त होत्या, आणि शेवटची ओळ अर्धी सोडलेली होती. ती मी पुरी करावी अशी.

ती मी पुरी केली.

पुढचे काम माझ्या विद्येचे होते आणि ते मी करून दाखवले. दादाचा सारा मजकूर मी पॅकेजमध्ये बसवला. तो कशाकशावर टेकतो ते लिहिले, म्हणजे यापुढे त्याच्या पायाखालची फरशी काढण्याआधी नोंदवही मला अडवील. मीटरचा दोष आणि मोटारीची साक्ष साध्या भाषेत, कोणालाही वाचता येईल अशी, नोंदवली. आवृत्ती पाच. जाब कोणाला विचारायचा त्या जागी दोन नावे दिली. पहिले त्याचे, दुसरे माझे. मग नोंदवहीला आज्ञा दिली. ती क्षणभर थांबली, सारे तपासले आणि स्वीकारले.

मी नोंदवहीला विचारले, ‘मात्रा’ कितवी? पाच. प्रोग्रामला विचारले, तू कितवा? पाच. ही फाइल कोणाची?

या वेळी नाव आले.

तीन वाजून वीस मिनिटांनी तुरटीचे पंप गरजले. मी बाहेर आवारात धावलो. बाईंनी प्रयोगशाळेच्या खिडकीतून डोके बाहेर काढले. “सोडली! एकदम योग्य सोडली!” त्यांनी स्वतः काढलेल्या प्रमाणाशी ते ताडून पाहिले आणि कागद चुरगाळून फेकला. “माझ्यापेक्षा बरी सोडली, मेली!”

७

निवळणीच्या टाकीत चिखल तळाला बसू लागला आणि वर पाणी उघडे पडत गेले. पावणेपाचला बाईंनी शेवटचा पेला प्रकाशात धरला, नळी बुडवली, रंग पाहिला. मग त्यांनी तो पेला तोंडाला लावला आणि रिकामा करून टेबलावर आपटला.

“उघडा,” त्या म्हणाल्या.

मुख्य व्हॉल्व्ह तळघरात आहे. त्याचे लोखंडी चाक एका माणसाच्या छातीइतके उंच. ते उघडायला तीन माणसे लागतात. दोघांनी प्रयत्न केलेला कोणी पाहिला नव्हता. त्या वेळी खाली व्हॉल्व्ह सांभाळणारा एकटा होता. तो इतका हाडकुळा आहे की सगळे त्याला पहिलवान म्हणतात. बाकीचे फिल्टरवर अडकले होते. पाचला चार मिनिटे होती.

“साहेब, आपण दोघं?” पहिलवान म्हणाला. “तुमच्या प्रार्थनेत तेवढा जोर असेल तर बघा बुवा. माझ्या दंडात नाही.”

“उजवीकडून धर,” मी म्हणालो. “मी मधे लागतो.”

आम्ही पाय रोवले. मी देवाचे नाव घेतले आणि ओढले. चाक कुरकुरले. मग ते निघाले. अडखळत नव्हे; सरळ, एका दमात, एक फेरा, दुसरा फेरा, जणू त्याला तेल घातले होते. पहिलवानाने माझ्याकडे पाहिले. त्याचे तोंड उघडे होते.

“साहेब, हे हलकं कसं लागतंय? तिकडून कोण लावतंय हात?”

माझ्या डाव्या बाजूचा चाकाचा दांडा गरम होता. तळघरातले लोखंड कधी गरम नसते. मी डावीकडे मान वळवली नाही. वळवण्याची गरज नव्हती, आणि धीरही नव्हता. दोन्ही खरे आहे.

“फेरे मोज,” मी म्हणालो.

तो मोजू लागला. मीही मोजू लागलो. सातव्या फेऱ्याला नळाच्या पोटात पाण्याचा पहिला हुंकार ऐकू आला. बाराव्याला पायाखालची जमीन थरथरली. विसाव्याला ते सारे पाणी, स्वच्छ, एकदम शहराकडे सुटले, आणि त्याच्या गर्जनेत पहिलवान ओरडत होता, मी ओरडत होतो, आणि मोजणारे आवाज तीन होते.